पुढं चालायचं काम

३ जानेवारी

सातवीनंतर सही सोडून मी काही लिहिलेलं नाही. चार ओळींतच बोटं आखडली. ही वही डॉक्टरबाईंनी दिली. म्हणाल्या, "रोज संध्याकाळी लिहायचं. कुठली मेंढी लंगडते, कुठली खोकते, कुठलीने पाण्याला तोंड लावलं नाही." मी म्हटलं, "बाई, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." त्या म्हणाल्या, "मी जनावरांचीच डॉक्टर आहे. कोंबडीचे पाय मला वाचता येतात." हे बोलताना हसल्या मात्र नाहीत.

तर पुढच्या बाजूने लंगड्या मेंढ्या आणि मागच्या बाजूने मी. बाई मागची पानं बघणार नाहीत. एवढा वेळ त्यांना कुठला.

हा कत्तलखाना आहे. आईला गोदाम सांगितलंय. दुपारी गाड्या येतात, आम्ही मेंढ्या उतरवतो, कप्प्यांत घालतो, पाणी दाखवतो. रात्रभर त्यांना खायला काही द्यायचं नाही. सकाळी बोळातून वर. वर आमचं काम नाही. वरची माणसं वेगळी, त्यांचे कपडे पांढरे, त्यांचं दार वेगळं.

खोलीत मी आणि तात्या. तात्या इथं नऊ वर्षं आहे. मी तीन महिने. आई फोनवर ओरडून बोलते, ते परवा त्याने ऐकलं. "तुझ्या पायाला भिंगरी बांधलीय, मेल्या, कुठं म्हणून टिकत नाहीस." तेव्हापासून मी भिंगरी. आता मुकादमही तेच म्हणतो. माझं खरं नाव बहुतेक फक्त हजेरीच्या कागदावर उरलंय.

आईचं बरोबर आहे. चार वर्षांत हे सातवं ठिकाण.

९ जानेवारी

आज भलतंच झालं.

पहिला कळप बोळात घालत होतो. बोळ म्हणजे दोन्हीकडे छातीएवढ्या भिंती, मध्ये एका मेंढीपुरती वाट, वीसबावीस पावलं चढ, मग वळण आणि मग ते आतलं दार. पहिली मेंढी आठ पावलं चढली आणि खांबासारखी उभी राहिली. रोज तिथंच थांबतात. मागच्या तिच्या पाठीवर चढायला लागल्या. मुकादम खालून ओरडतोय, तात्याने झटक्याची काठी काढली. तिच्या टोकाला वीज असते. लावली की जनावर उडतं आणि उडालेलं कुठंही आपटतं.

मी वरच्या अंगाला होतो. भिंतीवरून आत उतरलो आणि तोंडातून आईची हाक निघून गेली. संध्याकाळी शेळ्यांना मारते ती. "औऽऽ औऽऽ, ये गं बये, ये." शेळ्या वेगळ्या, मेंढ्या वेगळ्या, मुलूखही वेगळा. पण पहिलीने कान हलवले. मी पाठ फिरवून चालायला लागलो. मागून खुरांचा आवाज यायला लागला. टक टक, अगदी शिस्तीत, शाळेच्या रांगेसारखा. वळणाशी माणसांसाठी एक छोटं फाटक आहे, बगलेला. मी त्यातून बाहेर पडलो. त्या सरळ गेल्या.

मुकादम धावत वर आला. "काय केलंस रे?"

"काही नाही. हाक मारली."

"मग तीन महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतास होय?"

उद्यापासून मी गाड्या उतरवायच्या नाहीत. फक्त पुढं चालायचं.

१६ जानेवारी

सात दिवस झाले, काठी खुंटीवर आहे.

डॉक्टरबाई आज स्वतःहून आल्या. आतल्या मांसावर काळेनिळे डाग पडतात म्हणे, मेंढी घाबरून आपटली की. ते डाग जवळजवळ गेले. "तुझ्यामुळे," म्हणाल्या. माझ्यामुळे कधी काही गेलेलं नाही, नोकरी सोडून. कान गरम झाले. मुकादमाने नवे बूट दिले, माझ्या मापाचे. याआधीचे कुणाचे तरी होते, आत त्याच्या बोटांचे खड्डे होते.

आईला सांगितलं की गोदामात माझं नाव झालंय. ती म्हणाली, "वर्ष काढ बाळा. एकदा तरी एका जागी वर्ष काढ, म्हणजे चार लोकांत मला सांगता येईल." म्हटलं, काढतो. आणि खरंच वाटलं, इथं निघेल. मला इथं काहीतरी येतं, जे दुसऱ्याला येत नाही.

रविवारी कँटीनमध्ये मटण असतं. दोनदा घेतलं. डॉक्टरबाई बाहेर भिंतीला टेकून एकट्या सफरचंद खात होत्या. मोठ्या माणसांना आमच्यात बसायला लाज वाटत असेल.

२८ जानेवारी

पोट बिघडलंय. आठवडा झाला. मटण समोर आलं की तोंडाला पाणी सुटायचं ते आता कोरडं पडतं. पाण्याचा दोष असणार.

तात्या म्हणाला, "पाण्याचा दोष असता तर बटाटेही गेले नसते. तू तर माझ्या ताटातले पण खातोस."

झोपही लागत नाही. गादीचा दोष आहे, मधोमध खोल गेलीय. मुकादमाला बदलून मागितली तर म्हणतो, "तुला मागशील ते देतो, राजा." चांगला माणूस आहे. पूर्वी मला उगाच वाटायचं की तो आपल्याला ओळखतही नाही.

२ फेब्रुवारी

लिहू की नको असं झालंय. एवढीशी गोष्ट आहे.

आज एक मेंढी माझ्याबरोबर वळली.

मी वळणाशी आलो, फाटक उघडलं, बाहेर पडलो आणि ते लावायच्या आत एक माझ्या मागोमाग बाहेर. तोंड काळं, एक कान फाटलेला. बाकीच्या सरळ गेल्या, ही माझ्यामागे. तिचं काही चुकलं नव्हतं. मी ये म्हटलं होतं आणि मी या बाजूला होतो.

तिने हनुवटी माझ्या मांडीवर टेकवली. मेंढीचं डोकं चांगलंच जड असतं, दिसतं त्याहून. आणि गरम. मी उभा राहिलो. वरून पांढऱ्या कपड्यातला एकजण म्हणाला, "अरे, एक कमी आहे." त्याच्या आवाजात काही नव्हतं, चमचा कमी आहे म्हणावं तसं.

तात्या आला असता. त्याला वेळ लागला असता, ओढाताण झाली असती. म्हणून मीच फाटक उघडलं, दोन पावलं आत गेलो, हाक मारली, ती आली, मी अंग चोरून बाजूला झालो आणि ती पुढं गेली.

एवढंच. रोज शेकडो जातात. संध्याकाळी वहीच्या पुढच्या बाजूला लिहिलं, "आज लंगडी कुणी नाही."

८ फेब्रुवारी

आईला सांगितलं.

"आई, ते गोदाम नाही."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"गोदामात काम करणारा पोरगा आईला फोन करून विचारतो का, खूर नासले तर काय लावतात म्हणून? खोक्यांना खूर असतात होय?"

मी हसलो आणि मग हसता हसता सगळं सांगून टाकलं. बोळ, फाटक, हाक. तिची हाक म्हणून सांगितल्यावर मला वाटलं फोन कटला.

"आई?"

"आहे. मी पण मारायचेच की."

"संध्याकाळी. ते माहीत आहे."

"संध्याकाळी नाही रे. घेणारा यायचा तेव्हा. तू शाळेत असायचास. परका माणूस दिसला की शेळी मागच्या मागं पळायची. दोर त्याच्या हातात, पण हाक माझी लागायची. माझ्याशिवाय कुणाला आली असती ती?"

मला आठवायला लागलं. शाळेतून आलो की एक शेळी नसायची. आई म्हणायची, गेली. मी कधी विचारलं नाही, कशी. त्या दिवशी आई आमच्याबरोबर जेवायची नाही. पोट बिघडलंय म्हणायची.

"तुला काही वाटायचं नाही?"

"वाटून कुणाला सांगू? तुम्ही तीन तोंडं होतात. पण एक आहे. रिकाम्या हाताने मी कधी बोलावलं नाही. मुठीत दाणे असायचेच. ते खाऊन होईपर्यंत त्याला दोर लावू द्यायचे नाही, तो कितीही घाई करू दे. आपण ये म्हटलं आणि ती आली, तर तिला काहीतरी मिळालं पाहिजे. नाहीतर ती हाक राहत नाही."

"मग काय होते?"

"ते तू बघ. माझी भाजी करपायला लागली."

११ फेब्रुवारी

आज मी घोळ घातला, आणि असातसा नाही.

सकाळी लवकर उठून आजारी मेंढ्यांच्या कप्प्यातल्या पेटीतून दोन बादल्या दाणे काढले. पहिला कळप चाळीस मेंढ्यांचा. एकेकीपुढे मूठ धरत गेलो. रात्रभरच्या उपाशी. हाताला जीभ लागायची तेव्हा गुदगुल्या व्हायच्या. वाटलं, आता मी ये म्हणायला मोकळा. आई म्हणाली तसं झालं.

मुकादमाला कळायला वेळ लागला नाही. चाळीसही जणींच्या मिशांना भुसा. त्याने रिकाम्या बादल्या पाहिल्या आणि टोपी काढून डोकं धरून बसला.

"अरे शहाण्या, यांना उपाशी कशासाठी ठेवतात? पोट भरलेलं असलं की आत कापताना फुटतं, सगळं मांस खराब होतं. तुला चार महिन्यांत हे कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. पण ते मांसाविषयी होतं आणि हे मेंढीविषयी, म्हणून दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात कधी समोरासमोर आल्याच नव्हत्या.

सगळा कळप परवावर गेला. वरची माणसं अर्धी सकाळ हात बांधून उभी. तात्या माझ्याकडे बघेना.

डॉक्टरबाईंनी बोलावलं. "का घातलेस?" मी आईचं सांगितलं, मुठीचं. बाई लिहीत होत्या, त्या थांबल्या. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग," आणि वाक्य अर्धंच सोडून नोंदवही पुढं ओढली. काय सांगू ते मलाही विचारता आलं नाही. नोंदवहीत त्यांनी माझं नाव घातलं नाही. "पेटी उघडी राहिली" असं लिहिलं.

१३ फेब्रुवारी

त्या चाळीस आज गेल्या.

काल त्यांना दिवसभर खायला दिलं, रात्री परत बंद. आज मी कप्प्याशी गेलो तर सगळ्या धावत आल्या. आधी कधी कुठला कळप मला बघून धावत आलेला नाही. त्यांना आता माझी ओळख होती.

मी ठरवलेलं होतं, हाक मारायची नाही. तोंड घट्ट मिटलं, मुठी खिशात घातल्या, फाटक उघडलं आणि चालायला लागलो. आल्या. एक तर सगळी वाट माझ्या खिशात नाक खुपसून चालली. खिशात दोन दाणे शिवणीत अडकलेले होते, ते तिने शोधून काढले. वळणाशी मी बाहेर पडलो.

न बोलता पण खोटं बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

मुकादमाला सांगितलं, मी पुढं चालणार नाही. गाड्या उतरवतो, कप्पे धुतो, शेण काढतो, काहीही. तो चिडला नाही. फक्त खुंटीकडे बघितलं. "मग ती आहेच."

१४ फेब्रुवारी

तीन कळप काठीने गेले. मी खाली कप्पे धूत होतो. पाण्याचा नळ मोठा सोडला तरी आवाज येतच होता. दुसऱ्या कळपात एक खाली पडली आणि बाकीच्या तिच्यावरून गेल्या. तिला बोळातून बाहेर काढलं तेव्हा पुढचा पाय उलटा लोंबत होता.

तात्याने संध्याकाळी नळाखाली हात धरले. तो नेहमी तीनदा धुतो. आज मोजले नाहीत, पण तीनहून जास्त.

"झाले तुझे हात स्वच्छ?" म्हणाला.

मी झाडू भिंतीला टेकवला.

"मला नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही की तात्या, तुला काठी धरायला आवडते का. तू पुढं चालायला लागलास तेव्हा पाच आठवडे ती खुंटीवर होती. पाच आठवडे मी बायकोला फोनवर बरं बोललो. आता तुझं मन दुखलं म्हणून काठी परत माझ्या हातात. तुझं मन मोठं असेल बाबा. आमचं काय, आम्ही जाड्या कातडीचे."

त्याने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो टॉवेलने एकेक बोट पुसत म्हणाला.

बॅग काढून ठेवलीय. पहाटेची गाडी आहे. पाचवी नोकरी मी अशीच सोडली होती, कुणाला न सांगता. काही अवघड नसतं. बूट तेवढे इथंच ठेवीन.

१६ फेब्रुवारी

गेलो नाही. बॅग उचलली, दाराशी आलो, आणि बोळ धुऊन ठेवलेला दिसला. कुणी नव्हतं. मनात आलं, त्या आठव्या पावलावरच का थांबतात? रोज. कुठलीही मेंढी, कुठल्याही गाडीतली. त्यांनी आपसांत ठरवलेलं तर नसणार.

मी उभा चालत गेलो. काही दिसेना. मग म्हटलं, मेंढी माझ्याएवढी उंच कुठं असते? गुडघ्यांवर बसलो, हात टेकले, डोकं खाली केलं आणि रांगत निघालो.

आठव्या पावलावर मीही थांबलो. जमिनीत पाणी जायची जाळी आहे. उभ्याने ती जाळीच दिसते. खालून ती काळा खड्डा दिसते, आणि तिच्यातल्या पाण्यात वरचा दिवा हलतो. खड्ड्यात काहीतरी जिवंत आहे असं वाटतं. मीसुद्धा हात पुढं टाकला नाही.

तात्या खाली चहा घेऊन उभा. "या बघायला," सगळ्यांना म्हणाला, "भिंगरीची मेंढी झाली." दोघंतिघं हसत बसले. एकजण "बें" करून ओरडला. डॉक्टरबाई आवाज ऐकून आल्या आणि हसणारे पांगले.

"काय दिसतंय तुला?" बाई म्हणाल्या.

मी जाळी सांगितली. मग आणखी पुढं गेलो. अकराव्या पावलावर भिंतीवरून कुणाचा तरी पिवळा कोट लोंबत होता, त्याची बाही वाऱ्याने हलत होती. ती बरोबर डोळ्यांसमोर येत होती. पुढं एक साखळी, नुसतीच लटकणारी, कशासाठी ते तात्यालाही माहीत नाही. ती भिंतीला लागली की किणकिण.

बाईंनी पांढरा कोट काढून तात्याच्या हातात दिला. मग त्याही गुडघ्यांवर आल्या आणि माझ्यामागून निघाल्या. तात्या एका हातात चहा आणि एका हातात कोट घेऊन तसाच उभा राहिला. जाळीशी आल्यावर त्यांनी तिच्यावर हात ठेवून पाहिला. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं मी हिच्यावरून चालतेय."

२१ फेब्रुवारी

मुकादम आधी तयार नव्हता. "पडदे लावू, गालिचा घालू, आणखी काय, वाजंत्री सांगू?" पण बाईंनी त्याला डागांचे कागद दाखवले, जानेवारीतले आणि आताचे. तो कागदाला मान देतो.

जाळीवर जाडं रबर टाकलं, रंग जमिनीचाच. पाणी बाजूने काढलं. साखळी कापली. कोट कुणाचा ते कळलं नाही, कुणी कबूल होईना. दिवा पुढं सरकवला, कारण मेंढी अंधारात पाय टाकत नाही, उजेडाकडे जाते. हेही रांगल्यावरच कळलं. शेवटी तात्याही रांगला. "माझे गुडघे, माझे गुडघे" करत, पण त्यानेच दाखवलं की भिंतीला एक पत्र्याचा कोपरा वर आलाय आणि तो खांद्याला घासतो.

आज पहिला कळप गेला. कुणी पुढं नाही. कुणी मागं नाही. काठी खुंटीवर. हाक नाही. त्या चढल्या, एकीमागे एक, वळल्या आणि गेल्या. तात्याने हळूच माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं. मग जरा वेळाने बरं वाटल्याचं वाईट वाटलं. दोन्ही होतं, म्हणून दोन्ही लिहितो.

२३ फेब्रुवारी

महिनाअखेरीस निघतोय म्हणून मुकादमाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "आता तर सगळं सुरळीत झालं." मी म्हटलं, "म्हणूनच. आता पुढं चालायला कुणी लागत नाही." त्याला ते पटलं की नाही कळेना. बूट ठेवून घे म्हणाला.

आईला फोन केला. वर्ष निघालं नाही.

"पळतोयस का?"

"नाही. पळणारा आठवडाभर आधी सांगतो का?"

"तेही खरं," म्हणाली. मग, "जेवतोस ना नीट?"

"मटण तेवढं जात नाही."

"सोडलंस?"

"सोडलं असं नाही. शपथबिपथ काही नाही. तोंडापर्यंत येतं आणि हात खाली जातो."

"पोट बिघडलं असेल," आई म्हणाली.

"नाही आई. पोट चांगलं आहे."

मग हळू आवाजात, इतक्या हळू आवाजात ती फोनवर कधी बोलत नाही, म्हणाली, "ये तू. काय करायचं जेवायला ते आल्यावर बघू."

२५ फेब्रुवारी

आज संध्याकाळी काम संपल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, वळणानंतरचा तुकडा राहिलाय. खरंच राहिला होता. इतके दिवस आम्ही वळणापर्यंतच रांगत होतो आणि तिथून उभे राहून बगलेच्या फाटकाने बाहेर पडत होतो. पुढं चार हातांवर आतलं दार. आत कुणी नव्हतं, सगळं धुतलेलं, बंद.

मी पुढं, बाई मागं. वळण घेतलं. रबर कोरडं होतं. उजेड बरोबर समोरून, डोळ्यांत न जाणारा. वारा नाही, आवाज नाही. दार राखाडी, साधं, शाळेच्या दारासारखं. मी थांबलो.

"काय दिसतंय?" बाई मागून म्हणाल्या.

"काही नाही."

"चकाकतंय काही?"

"नाही."

"हलतंय?"

"नाही बाई. सगळं नीट आहे."

"मग मेंढी इथं कशाला थांबेल?"

"मेंढी नाही थांबणार. ती जाईल."

मी पुढचा हात उचलला होता, तो खाली ठेवला. म्हटलं, "मला पुढचं माहीत आहे ना. म्हणून मी थांबलो."

बोळात मेंढीला वळता येऊ नये एवढीच रुंदी ठेवलेली असते. मलाही वळता येईना. आधी बाई मागं सरकल्या तरच मला सरकता येणार होतं आणि त्या सरकत नव्हत्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. थोड्या वेळाने माझ्या टाचेवर हात आला. बुटावरून, नुसता ठेवलेला.

"थांब जरा," म्हणाल्या. "मलाही एक मिनिट लागेल."

एका मिनिटाहून बराच जास्त वेळ आम्ही तसेच होतो, मी हातापायांवर दाराकडे तोंड करून आणि त्या माझ्या मागं. खाली नळ गळत होता. तात्या कुठंतरी बादल्या एकात एक घालत होता. मग बाई मागं सरकायला लागल्या, आणि त्यांच्या मागोमाग मी, उलटा, एकेक गुडघा चाचपत. मागं सरता मेंढीलाही येतं. फक्त तिच्या मागं दुसरी मेंढी असते.

तात्या खालच्या तोंडाशी उभा होता. त्याने आधी बाईंना हात देऊन उठवलं, मग मला. काय दिसलं, असं त्याने विचारलं नाही. वाकून माझ्या गुडघ्यांवरची धूळ झटकली, आधी एका, मग दुसऱ्या, लहान मुलाची झटकतात तशी.